फालेवाईचं रक्तपाणी

विहिरीभोवती बेटावरचं अख्खं फालेवाई गाव लोटलं होतं. स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्या एसेरानं तळाशी सोडलेली बाटली वर ओढली. पाणी नितळ. मग डोळे मिटून "ये रक्ता, ये करुणे!" अशा आरोळ्या ठोकत तो ते या पातेल्यातून त्या पातेल्यात, हातभर उंचीवरून ओतत राहिला. वीस-पंचवीस मिनिटांत पाणी गढुळलं, नारिंगी झालं, मग तांबडं. बायका हुंदके देऊ लागल्या.

पुढचा खेळ अंधाऱ्या खोपीत. तिथं जांभळ्या दिव्याखाली दुसऱ्या भांड्यातलं "तीर्थ" हिरवंगार चमके. "हा पवित्र आत्मा! साखरेचा रोग पळेल. गोळ्या फेका समुद्रात!"

दवाखान्यातली नर्स मकेरिता हे पाहत होती. तिला लहानाची मोठी करणारा तवितामामा सर्वांत पुढे बसला होता. त्याच्या पायाच्या अंगठ्यावरच्या जखमेवर विहिरीतला बुळबुळीत गाळ थापलेला, त्यावर माश्या.

"मामा, वास येत नाही तुला?"

"पाप बाहेर पडतंय, पोरी. एसेरा म्हणाला."

"पाप नाही, तुझा अंगठा पडतोय!"

मामानं तोंड फिरवलं. दवाखान्यात यायला तो साफ नाही म्हणाला.

रविवारी प्रार्थना संपताच मकेरितानं सगळ्यांदेखत त्याच विहिरीच्या तळातून दोन बाटल्या भरल्या. एकीला, काठोकाठ भरलेली असतानाच, गच्च बूच लावून ती म्हाताऱ्या सरदार लेऊताच्या हातात दिली. दुसरी पातेल्यात ओतली.

"कोणती प्रार्थना म्हणणार?" एसेरानं खोचकपणे विचारलं.

"सात एके सात," मकेरिता म्हणाली आणि पाणी वर-खाली ओतू लागली.

सातापासून एकोणीसपर्यंतचे पाढे तिनं दोनदा म्हटले. लोक आधी हसले, मग पुढे सरकून पातेल्यात डोकावू लागले. पातेल्यात तेच तांबडं पाणी होतं. लेऊताच्या हातातली बाटली मात्र नितळच.

"सैतानही नक्कल करतो!" एसेरा ओरडला. "आत्म्याचा प्रकाश दाखव की!"

मकेरिता खोपीत शिरली, मागोमाग लोकही. तिनं खिशातली इवलीशी बाटली दिव्याखाली धरली. हिरवा उजेड! लोकांनी हात जोडले.

"कुठल्या झऱ्याचं गं हे?" लेऊतानं विचारलं.

"माझ्याच. सकाळचं मूत्र आहे. त्याआधी बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतली होती."

कुणीतरी फिस्सकन हसलं. एक बाई तोंडावर हात दाबून बाहेर धावली. लेऊतानं एसेराची पेटी उलटी केली, तर त्याच बी-कॉम्प्लेक्सच्या पिवळ्या गोळ्यांची पाकिटं आणि त्यांची भुकटी! त्याच संध्याकाळी गावच्या सभेनं त्याला बेटाबाहेर काढलं.

मग मकेरितानं सगळ्यांना बसवून सांगितलं. विहिरीच्या तळाच्या गाळात हवा नसते. तिथले सूक्ष्म जंतू हवेऐवजी गाळातल्या लोखंडाच्या गंजावर श्वास भागवतात. त्यासाठी त्यांतले काही फ्लेविन नावाचा पिवळा पदार्थ पाण्यात सोडतात. तो जंतूंकडून गंजाकडे जणू निरोप पोचवतो, आणि लोखंड विरघळून दिसेनासं होतं. उंचावरून ओतलं की पाण्यात हवा मिसळते आणि त्याच लोखंडाचा पुन्हा गंज होतो. ते रक्त नव्हे. गोळीतलं जीवनसत्त्व हेही एक फ्लेविनच. जांभळ्या दिव्यात ते हिरवं चमकतं, मग ते तीर्थात असो की मूत्रात.

"आणि लोखंड जखमेतल्या जंतूंनाही हवंच असतं, मामा. गाळ थापून तू त्यांना रोज पंगत वाढत होतास."

तवितानं जखमेवरचा गाळ पुसून काढला. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून दवाखान्याच्या गाडीत बसला. राजधानी आपियाच्या इस्पितळात त्याचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दोन आठवडे आधी आला असता, तर अंगठ्यावर भागलं असतं.

कुबड्या घेऊन तो प्रथम चर्चमध्ये आला, तेव्हा पाद्र्यांची परवानगी घेऊन उभा राहिला.

"देवावर माझा विश्वास आहे," तो म्हणाला. "पण देवानं नाकही दिलं होतं, आणि ते सांगत होतं की पाय सडतोय. मी नाकाचं ऐकलं नाही, एसेराचं ऐकलं. उद्या कुणी चमत्कार घेऊन आला, तर आधी त्याला म्हणा, प्रार्थनेशिवाय करून दाखव. आणि तो चिडला, तर लगेच दवाखाना गाठा."