थंडीत घट्ट होणारी चरबी

रोज द्वारकेहून मेट्रोने फरिदाबादला जायचं आणि तिथल्या प्रयोगशाळेत जिवंत पेशींवर लेझर सोडायचा, ही माझी नोकरी. पेशीतल्या चरबीवर आपटून प्रकाश जरासा बदलून परत येतो, त्याचा आलेख पडद्यावर उमटतो आणि चरबी पातळ की घट्ट ते कळतं. रंग घालायला नको, पेशी मारायला नको. मरतो ते आम्ही.

डिसेंबरात माझ्या आलेखात एक टोकदार शिखर उगवलं. घट्ट चरबीचं. जुलैत ते नव्हतं. आमचे प्रमुख अशोक सर खुर्चीतून उठलेच. "उत्तरा, बिल्कुल नवीन आहे हे! थंडीत पेशी घट्ट चरबी साठवतात, यार!"

पेशी बारा महिने सदतीस अंशांच्या उबेत असतात, त्यांना दिल्लीची थंडी कशी कळली, असं मी एकदा विचारलं. दुसऱ्यांदा नाही विचारलं, कारण पेपर मलाही हवा होता. पाच वर्षं राबले होते. पहिलं नाव माझं लागलं, तरच पुढे कायमची नोकरी मिळणार होती.

पेपर छापून आला. पहिलं नाव सरांचं, मग त्यांच्या दोन मित्रांची, मग माझं. "अगं, तू अजून लहान आहेस," सर म्हणाले. मी चौतीस वर्षांची आहे. घरी येऊन रडले.

दुसऱ्या कोणालाच ते शिखर सापडेना. सर सगळ्यांना सांगत, "उत्तराच्या हाताला गुण आहे."

पुढच्या जानेवारीत मी घाईत पेशी न घालताच काच लेझरखाली ठेवली. शिखर जागच्या जागी! पेशींवर झाकायची पातळ काच हातमोजे घालून उचलता येत नाही, म्हणून मी ते काढते. आणि थंडीत हात फुटतात, म्हणून आईने देवरुखहून पाठवलेलं, मेणासारखं घट्ट कोकमाचं तेल चोळते. नुसत्या तेलाचा आलेख काढला. तोच.

सरांना जाऊन सगळं सांगितलं. सरांनी दोन्ही आलेख शेजारी ठेवून पाहिले.

"अच्छा. पेपर मागे घ्यावा लागेल. चलो, पत्र मी लिहितो."

मला त्यांचं खरंच कौतुक वाटलं.

महिन्याभराने पत्र छापून आलं. चूक काय, कशी झाली, सगळं स्वच्छ लिहिलेलं. खाली आम्हा सगळ्यांची नावं होती. पहिलं माझं.