फ्लेक्सवरचं नाक

माझं नाक बिघडलेलं आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्हाला चोरून बघायला नको. शेंडा डावीकडे वळलाय आणि हसले की एक नाकपुडी मिटते.

आधीचं नाक आबांचं होतं. रुंद, मधोमध उंचवटा. माझ्या वडलांना ते शोभतं. गावाचं पुढारपण केलेल्या माणसाला कसलंही नाक शोभतं. शाळेत पोरं मला चिडवायची, पण ऑपरेशन त्यासाठी केलं नाही. स्थळंही मोडली नव्हती. मलाच सरळ, बारीक नाक हवं होतं, बस्स. आईशी भांडले, आबांशी अबोला धरला आणि पुण्याला जाऊन आले.

पट्टी निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, सूज आहे, वर्षभर थांबा. थांबले. सूज गेली, नाक तसंच राहिलं. दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, पुन्हा हात लावला तर आणखी बिघडेल. त्या दिवशी एसटीत आमचं तालुक्याचं गाव, वडवणी, येईपर्यंत रडत होते. राग काढायचा तरी कुणावर? हट्ट माझाच होता. मग स्कूटीवर तोंडाला बांधायचा स्कार्फ मी घरातही सोडेनाशी झाले. पाहुणे आले की आई सांगायची, "राजनंदिनीला लई सर्दी हाय." बारमाही सर्दी!

अशात आमच्या गावचं सरपंचपद महिलेसाठी सुटलं. आबांनी मला न विचारता माझं नाव जाहीर केलं. खरं सांगते, मला आनंद झाला. पंचायतीची कामं कॉलेजपासून मीच बघत होते, सही तेवढी आबांची असायची. मला ते पद मनापासून हवं होतं.

"तू घरीच ऱ्हा," आबा म्हणाले. "परचाराचं मी बघतो. तुझा फ्लेक्स लावू."

म्हणजे निवडणुकीला मी उभी राहणार नव्हते. माझा फोटो उभा राहणार होता.

तरी गेले त्यांच्यासोबत वडवणीला, बंकटभाऊंच्या फ्लेक्सच्या दुकानात. आबांनी माझा ऑपरेशनआधीचा फोटो पुढे केला. बंकटभाऊंनी तो कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला.

"आबा, हे नाक जरा जड वाटतंय. अन् नवं... माफ करा ताई, स्कार्फ सरकला तवा दिसलं. दोन्ही नगंत. आपल्याकडं एक नाक हाय, कुनालाबी बसतंय."

त्यांनी बटण दाबलं आणि माझ्या चेहऱ्यावर सरळ, बारीक नाक येऊन बसलं. पुण्यात मी मागितलं होतं, अगदी तेच. मी बघत राहिले.

मग भिंतीवरच्या नमुन्यांकडे लक्ष गेलं. वाढदिवसाच्या पोरांना तेच नाक. भावी सदस्यांना तेच. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर कुणाची तरी नव्वदीची आजी होती, तिलाही तेच! मला हसूच फुटलं. अख्ख्या तालुक्याला एक नाक, आणि त्याच्यासाठी मी वर्षभर तोंड लपवून बसले होते? हसता हसता संताप आला. स्कार्फ सोडला.

"बंकटभाऊ, ते काढा. माझा आत्ताचा फोटो घ्या."

"येडी झालीस का?" आबा म्हणाले. "लोकं हसतील. इज्जतीचा सवाल हाय. बंकट, जुनाच फोटो लाव."

"जुनंच नाक पायजे असंल तर तुमचं छापा, आबा. पन सीट महिलेची हाय."

आबा बाहेर पानटपरीवर जाऊन उभे राहिले. त्यांना मी असं कधी बोलले नव्हते.

"जरा उजवीकडं वळा ताई," बंकटभाऊ हळूच म्हणाले, "मंग दिसनार न्हाई."

"समोरूनच काढा."

फ्लेक्स लागला. पोरं त्याच्याखाली उभी राहून दात काढायची. आबा माझ्याशी कामापुरतं बोलत होते. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यावर निघायच्या आधी मी मारुतीच्या पारावर बैठक ठेवली, तेव्हा मात्र आबा आले.

मी बोलायला उभी राहिले, तर पुढेच बसलेल्या भिवरामावशी मोठ्यानं म्हणाल्या, "आधी हे सांग पोरी, नाकाला काय झालं?" या दरवर्षी टोळीबरोबर जाणाऱ्या, आडपडदा त्यांना माहीत नाही.

मी तोंड उघडायच्या आत आबा म्हणाले, "अपघात झालता तिचा. गाडीवरून पडलती."

बायका हळहळल्या. अपघाताला कोणी हसत नाही. मी नुसतं गप्प राहिले असते तरी भागलं असतं, आणि क्षणभर तसंच करावंसं वाटलं.

"न्हाई मावशी," मी म्हणाले. "पडले-बिडले न्हाई. नाक आवडत नव्हतं, म्हनून पुण्याला जाऊन बदलून घेतलं. बिघडलं. लई वाईट वाटलं, अजून वाटतंय. पन तोंड झाकून मी सरपंच व्हनार न्हाई."

मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं. मग आणखी काही जण. आबांनी मान खाली घातली. मी खाली बसले नाही. हसणाऱ्यांकडे बघत उभी राहिले.

"गप बसा रे, पोरगी बोलतीय," भिवरामावशी मागे वळून खेकसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हौस व्हती, केली. फसली तर फसली. आता आमच्या वस्तीवरच्या बंद हापश्याचं बोल. आमी गेल्यावर म्हाताऱ्यायनी पानी कुठून आनायचं?"

मी सांगायला लागले. पारावरची माणसं उत्तरासाठी आबांकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मी त्यांना बघू दिलं.