लुटुपुटूचा कारखाना

मित्रांनो, खोपोलीच्या एका कारखान्यात परगावाहून मशीन आलं, त्याच्या खोक्याची मी एक जुनी फळी. सुताराने रंधा मारला, तिथले इंजिनियर वाल्मिकसाहेब यांनी अंगावर रंगाने चार घरं आखली: भट्टी, धुणं, तपासणी, बांधणी. खरा कारखाना इंजेक्शनच्या काचेच्या सिरिंज करायचा. मी त्याची लुटुपुटूची नक्कल. सिरिंजऐवजी माझ्यावर चिंचोके सरकत. एकेका घरापाशी एकेक जण बसे आणि कुणी किती सरकवायचे ते कवड्या टाकून ठरे, कारण माणसाचा हात रोज सारखा चालत नाही.

"शिकूनसवरून पोरखेळ!" मुकादम आबाजी म्हणायचे.

पण त्या वर्षी तपासणीच्या टेबलापुढे सिरिंजचे ढीग साचू लागले. तिथे कळंबची इंदूबाई बसे. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं. घाईत एक तडकलेली सिरिंज नजरेतून सुटली, दवाखान्यातून परत आली, आणि आबाजींनी सगळं खापर तिच्यावर फोडलं.

"हात चालत नाय तुजा. शनवारपासून येऊ नको."

"हात पळवला तर नजर चुकते, मुकादम. तडकलेली काच कुनाच्या लेकराच्या दंडात मोडली म्हंजे?"

तिचे डोळे भरले. मलाही भरून आलं, पण फळीला कुठलं तोंड?

वाल्मिकसाहेबांनी मला टेबलावर मांडलं. "आबाजी, इंदूबाईंच्या जागी तुम्ही बसा."

सगळे भोवती जमले. भट्टीतून चिंचोक्यांची अख्खी टोपली एकदम उतरली, खऱ्या भट्टीतून उतरते तशीच. आबाजींना दान मोठं पडत होतं, तरी त्यांच्या घरात ढीग वाढतच गेला. "पुन्हा मांडा!" ते ओरडले. त्यांच्या बोटांचा घाम मला लागत होता. दुसऱ्या डावात चिंचोके माझ्या कडेवरून खाली सांडले.

मग साहेबांनी एकच गोष्ट बदलली. भट्टीचा मोठा घाणा मोडून थोड्या थोड्या वेळाने लहान लहान घाणे उतरवले. आता आबाजींना दान लहान पडलं, तरी ढीग झालाच नाही.

मोठा घाणा घालायचा हुकूम आबाजींचाच होता. त्यांनी सांडलेले चिंचोके वेचून टोपलीत टाकले.

"इंदूबाई," ते खाली मान घालून म्हणाले, "शनवारी ये गं. सोमवारी पन ये."

पुढे साहेब बदलले आणि मी पाण्याच्या पिंपाचं झाकण झाले. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? मला कुणी पुसून ठेवलं तर बरंच. पण मित्रांनो, ढीग ज्याच्यापुढे दिसेल त्याच्यावर बोट रोखण्याआधी, तो लोटणारा हात आपलाच तर नाही ना, एवढं मात्र बघा.