‘नाही समजलं’चं पेटंट

पैज लागली ती नासीरच्या दुकानापुढे, एका उघड्या कूलरच्या साक्षीने. जळगावचा उन्हाळा. नासीर कूलरची मोटर खोलून बसला होता आणि शेजारचा सुकदेवभाऊ त्याच्याच दुसऱ्या कूलरची फुकट हवा खात होता.

"आमच्या अफरीनला दोन पेटंटं मिळाली, भाऊ," नासीर म्हणाला. "एक गुडघ्यात बसवायच्या सांध्याचं. धुळ्याच्या दवाखान्यातही आता तोच बसवतात. दुसरं, डेटाबेसमधून माहिती झटकन शोधायचं."

"दोनच? माझी तर मोजता येत नाहीत."

तसं हे खोटं नव्हतं. गल्लीत पेटंट म्हणजे ज्याची त्याची ठरलेली लबाडी, आणि सुकदेवचं सगळ्यात चाललेलं पेटंट होतं ‘नाही समजलं’. वर्गणीवाले आले, नाही समजलं. बायकोने, मंजुळाबाईंनी, दळण आणायला सांगितलं, नाही समजलं. पन्नाशी उलटली तरी त्या दोन शब्दांवर त्याचा संसार आणि मोटरपंपाच्या सुट्या भागांचं दुकान निवांत चाललं होतं.

"पोरगी सुट्टीवर आली की तुम्हाला सगळं समजावून सांगेल," नासीर म्हणाला.

"लाव पैज! मला समजलं तर मी चौकात खापरावर मांडे करून गल्लीला वाढीन. नाही समजलं तर तू सायकलवरून ओरडत फिरायचं, सुकदेवभाऊ इमानदार माणूस शे."

"आणि समजलं की नाही, ते ठरवणार कोण?"

"मीच की. डोकं कोणाचं आहे?"

रतिलाल शिंप्याने समोरच्या ओट्यावर मशीन थांबवलं. "नासीर, अरे या पैजेला बूडच नाही."

"असू दे," नासीर म्हणाला. पोरीवर भरवसा, दुसरं काय!

अफरीन पुण्याहून आली, सुकदेवच्या ओट्यावर मांडी घालून बसली आणि बोलू लागली. चहा निवायच्या आत सुकदेवला सगळं समजलं. इतकं साफ समजलं की त्याला स्वतःचीच चीड आली. आयुष्यभर डोकं बंद ठेवून धंदा केला आणि ऐन पैजेत ते आपोआप उघडलं! पण चेहरा त्याने हौदात बसलेल्या म्हशीसारखा ठेवला.

"नाही समजलं, बेटा."

तिने पुन्हा सांगितलं. वेगळ्या तऱ्हेने सांगितलं.

"काहीच नाही समजलं."

"जाऊ द्या, काका. मलाच सांगता येत नसेल," म्हणून ती उठली. नासीरचा चेहरा उतरला. सुकदेवने मात्र त्याच संध्याकाळी नासीरच्या सायकलला फुगे बांधून घेतले.

पण सायकल निघायच्या आधी मंजुळाबाईंचा गुडघा आडवा आला. बाई आता जिना बसून उतरायच्या. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितलं होतं, आणि एकदा दवाखान्याच्या दारातून त्या माघारीही फिरल्या होत्या. या खेपेला नासीरने आपल्या गाडीत दोघांना नेलं. सहीची वेळ आली आणि बाईंनी पिशवी छातीशी धरली.

"मी नही जात."

"आता काय झालं?"

"इतल्या बाया येतस आठे. दुसरीनी वाटी मना गुडघामा बसाडी दिधी तं? लगीनमा मनी पितळनी वाटी गयी. नाव व्हतं तिन्हावर, तरी गयी!"

इथे एकीची वाटी दुसरीला बसत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. नासीरने समजावलं. सिस्टरने हात धरला. बाई पिशवी सोडेनात. आज परत गेली तर ही पुन्हा येणार नाही, हे सुकदेव ओळखून होता. सकाळी ओट्याची एक पायरी उतरताना तिने पदर दातांत धरला होता, तेही त्याने पाहिलं होतं. पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं. तेही एक पेटंटच.

त्याने नासीरकडे चोरून पाहिलं आणि घसा खाकरला.

"मंजुळा, गिलाव्याआधी गवंडी भिंतीवर टाचे का मारतो? गिलावा धरावा म्हणून. हा सांधा तसाच मुद्दाम खडबडीत केलेला. हाड वाढत त्यात शिरतं आणि घट्ट धरतं."

"आनि वाटी बदलनी तं?"

"आपल्या दुकानात कोणी वॉशर मागितला तर मी अख्खं दुकान उपसतो का?"

"उपसतस ना. रोज."

"ते माझं झालं गं! अफरीनची पद्धत तशी नाही. प्रत्येक सांध्याला नंबर. तुझा नंबर टाकला की मशीन बाकीच्या लाखांकडे ढुंकूनही बघत नाही, सरळ तुझ्याच खणाशी जाऊन उभं राहतं. नाव, माप, पाय डावा की उजवा, सगळं जुळलं तरच डबी उघडायची."

मंजुळाबाई नवऱ्याकडे बघत राहिल्या. "तुमले हाई कसं समजनं?"

नासीरने हळूच मोबाईल वर धरला. "हो ना, भाऊ. कसं समजनं?"

सुकदेवच्या जिभेवर ते दोन शब्द आलेच होते. पण मंजुळाबाईंची पिशवी अजून छातीशीच होती.

"समजनं!" तो ओरडला. अख्खी रांग वळून पाहू लागली. "बठ्ठं समजनं. पहिल्याच चहाला समजनं!"

बाईंनी पिशवी बाकावर ठेवली आणि पेन मागितलं.

ऑपरेशन होऊन त्या वॉकर धरून घरी आल्या आणि गल्लीला धीर निघेना. चौकात चूल मांडली, खापर पालथं घातलं. रतिलालने फुकटात झालरीचा एप्रन शिवून दिला होता. अफरीनने व्हिडिओ कॉल लावला. सुकदेवने पहिला मांडा हातांवर फिरवला. तो कोपरापर्यंत ओघळला, तिथून खांद्याला गेला. दुसरा अर्धा खापरावर, अर्धा एप्रनवर. पोरं शिट्ट्या मारू लागली.

"सैल मळी शे कणिक!" मंजुळाबाई खुर्चीतून ओरडल्या. "हात फिरावा, कंबर नको!"

तिसरा मात्र खापरावर पडला. महाराष्ट्राच्या नकाशासारखा, पण पडला. सुकदेवने तो उलथन्याने उचलला आणि घाम पुसत नासीरच्या ताटात टाकला. खान्देश तेवढा खापराला चिकटून राहिला होता.

"खा, जावयासारखा," तो म्हणाला. "रांगेत या रे बाकीचे, कणिक अजून घमेलंभर शे!"