सरावातला नवरा

आतल्या खोलीतून "अहो" अशी हाक आली तेव्हा चष्मेवाले स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून एका गिऱ्हाइकाच्या फ्रेमला स्क्रू बसवत होते. रविवार होता, दुकान बंद होतं, पण असलं बारीक काम ते हौसेनं घरी आणत. तिळाएवढा स्क्रू त्यांनी बशीत ठेवला, हात पुसले आणि दारात जाऊन उभे राहिले.

"काय गं?"

बायको लॅपटॉपसमोर ताठ बसली होती. तिनं मान वळवली, तीसुद्धा अर्धीच.

"तुम्हाला नाही."

घरात माणसं दोन. मुलगी नोकरीसाठी लांब राहायला गेलेली. त्या घरात 'अहो' म्हटल्यावर ओ देणारा दुसरा कोण असणार? चष्मेवाल्यांनी उगाच मागं वळून पाहिलं.

"मग कुणाला?"

"अभ्यास चाललाय माझा. दार तेवढं ओढून घ्या."

त्यांनी दार ओढून घेतलं. परत येऊन पाहतात तर बशीत स्क्रू नाही. उठताना बाहीला लागून उडाला असणार. मग साठी उलटलेले चष्मेवाले गुडघे टेकून टेबलाखाली शिरले, आणि फरशीवरून हात फिरवता फिरवता त्यांना आतून पुरुषाचा आवाज ऐकू आला. घोटीव, गुळगुळीत आवाज, बातम्या देणाऱ्याचा असतो तसा.

"बोल ना. मी ऐकतोय."

आणि बायको त्याला म्हणाली, "अहो, जरा थांबा. मला नीट मांडू दे."

चष्मेवाले बराच वेळ टेबलाखालीच राहिले.

बायको एका मोठ्या हॉस्पिटलात मुख्य परिचारिका होती. सगळे तिला मोठ्या सिस्टर म्हणत, आणि भलेभले डॉक्टर तिच्यापुढं आवाज उतरवून बोलत. हॉस्पिटलनं तिचं नाव एका ऑनलाइन कोर्सला घातलं होतं, नेतृत्व आणि कृत्रिम बुद्धिमत्ता. ते नाव ऐकून ती आधी खो खो हसली होती. "आयुष्यभर माणसांना शहाणपण शिकवून दमले, आता यंत्रांना शिकवू का?" पण महिना गेला नाही तोच तिला त्याची गोडी लागली. संध्याकाळी व्याख्यानं, मग गृहपाठ, रविवारी गटाची बैठक. पडद्यावर चौकटी उघडायच्या. एकीत रक्तपेढीचा माणूस, एकीत व्यायामोपचार शिकवणारी बाई, एकीत टक्कल पडलेला अकाउंटंट. मोठ्या सिस्टर मधोमध. कुठल्या वॉर्डात कुणाला पडण्याचा धोका आहे हे संगणक आधीच सांगू शकतो का, आणि सांगितलं तर नर्सनं त्याचं ऐकायचं की स्वतःच्या डोळ्यांचं, यावर त्यांचे वाद रंगत.

त्या कोर्ससाठी चष्मेवाल्यांनीच तिला खास चष्मा करून दिला होता. डोळ्यापासून पडद्यापर्यंतचं अंतर टेपनं मोजून, बरोबर तेवढ्याच अंतराचा. त्याच्या पलीकडचं त्यातून धूसर दिसतं, म्हणजे दारात उभा असलेला नवराही धूसरच दिसणार, हे त्यांना काच घासतानाच ठाऊक होतं. पण नंबरात लबाडी करणं त्यांना जमत नसे.

पूर्वी ड्यूटीवरून आली की ती खुर्चीत पाय पसरून बसायची आणि चहा होईपर्यंत दिवसभराचं सगळं सांगायची. कोण कुणावर डाफरलं, कुठला पेशंट रुसून जेवला नाही, कुठल्या पोरसवदा डॉक्टरला रक्त बघून घेरी आली. चष्मेवाले चहा उकळत ठेवून ऐकायचे, मुद्दाम जास्त उकळायचे. आता ती आली की कपडे बदलून आत जायची आणि दार लागायचं. चहा ते आत नेऊन द्यायचे. ती मान हलवायची. कधी कधी आतून पाच-सहा जणांचं हसणं एकदम फुटायचं, आणि काय झालं हे विचारायला जाणं त्यांच्या जिवावर यायचं.

सोमवारी दुकानातून त्यांनी मुलीला फोन लावला आणि आडून आडून विचारलं, आईच्या कोर्समध्ये कुणी सर वगैरे एकेकाशी वेगळं बोलतात का, ती कुणाला तरी 'अहो' म्हणत होती. मुलगी इतकी हसली की त्यांना फोन कानापासून लांब धरावा लागला.

"बाबा, तुम्ही संशय घेताय आईवर?"

"संशय कसला! नुसतं विचारलं."

"तो माणूस नाहीये हो. प्रोग्रॅम आहे. आमच्याही ऑफिसात करायला लावला होता. कुणाशी अवघड बोलायचं असलं ना, की त्याचा सराव. समोरचा माणूस कसा आहे ते आपण लिहून द्यायचं, मग तो प्रोग्रॅम त्या माणसासारखा बोलतो. आपण कसं बोललो त्याला शेवटी मार्क मिळतात."

"आणि आईनं कोणता माणूस लिहून दिलाय?"

"ती 'अहो' कुणाला म्हणते, बाबा?"

आरशासमोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं मध्येच विचारलं, "ही फ्रेम मला मोठी होतेय का?"

"फार," चष्मेवाले म्हणाले. मग फोनमध्ये हळूच म्हणाले, "मी काय अवघड आहे गं?"

"ते तिलाच विचारा ना. पण तुम्ही कुठले विचारताय!"

त्यांनी विचारलं नाही. आठवडाभर चमचा हातात घेऊन ते विचारण्याच्या बेतात असायचे आणि मीठ बरोबर आहे का एवढंच विचारून मोकळे व्हायचे. आपल्याशी अवघड बोलायचं असं काय असेल? आजारपण असेल का? घर सोडून जायचं असेल का? दुकानात एका बाईंना त्यांनी डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला लावून दिला, जे उभ्या आयुष्यात झालं नव्हतं.

पुढच्या रविवारी मात्र ते वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीच्या दाराशी खुर्ची टाकून बसले. दार ओढलं तरी चार बोटं उघडंच राहायचं. स्वतःच्या घरात चोरासारखं बसायची लाज वाटत होती, पण उठवतही नव्हतं.

बायकोला लिहिताना पुटपुटायची सवय होती. वॉर्डातल्या नोंदीही ती तशाच लिहायची. आता तिची बोटं चालू लागली आणि बरोबर आवाजही. "स्वतःचं चष्म्याचं दुकान. स्वभाव शांत. वाचन भरपूर. प्रवास म्हटलं की आदल्या दिवशीच पोट बिघडतं."

चष्मेवाल्यांना हे रुचलं नाही, पण खोटंही म्हणता येईना.

मग ती घसा खाकरून म्हणाली, "अहो, मला तुमच्याशी जरा बोलायचंय."

"बोल की," तो गुळगुळीत आवाज म्हणाला.

"आमचं नवं हॉस्पिटल उघडतंय, पार लांबच्या शहरात. तिथलं सगळं नर्सिंग मी उभं करावं म्हणतात. दोन वर्षं राहावं लागेल तिकडं. उद्या कळवायचंय."

वर्तमानपत्र चष्मेवाल्यांच्या मांडीवरून घसरलं आणि ते त्यांनी तसंच पडू दिलं. दोन वर्षं. ही बातमी या घरात आधी एका यंत्राला कळली होती.

"आणि माझ्या जेवणाखाण्याचं काय?" यंत्र म्हणालं. "मला कोण बघणार?"

चष्मेवाल्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या रात्रपाळ्या असताना मुलीचा डबा कोण भरत होतं? वेणी कोण घालत होतं?

"छे, छे," बायको आत म्हणाली. "असे नाहीत ते." आणि बोटं पुन्हा चालली. "स्वयंपाक उत्तम येतो. माझ्यापेक्षा बरा."

हे ऐकून, एवढ्यातही, त्यांना क्षणभर बरं वाटलं.

तिनं पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. या खेपेला यंत्र म्हणालं, "तुझ्या यशाचा मला अभिमान वाटतो. तुझ्या भावनांचा मी आदर करतो. आपण दोघं मिळून यातून मार्ग काढू."

"अगं बाई!" बायको हसतच सुटली. "हे ध्यान कुणाच्या घरचं?" मग हसणं ओसरलं आणि ती सावकाश पुटपुटत लिहू लागली. "इतकं बोलत नाहीत. मोजकं बोलतात. कधी भांडत नाहीत." बोटं थांबली. "भांडत नाहीत, हीच अडचण आहे."

तिसऱ्यांदा ती म्हणाली, "अहो, मला तुमच्याशी जरा बोलायचंय."

"हं."

तिनं सांगितलं. नवं हॉस्पिटल, दोन वर्षं, उद्या कळवायचंय. आत शांतता पसरली. मग यंत्र म्हणालं, "बघ, तुला काय वाटतं ते."

चष्मेवाल्यांच्या अंगावर काटा आला. शब्द तर शब्द, मधली थांबण्याची जागासुद्धा त्यांचीच होती. मुलगी दूर जायची म्हणाली तेव्हा ते हेच म्हणाले होते. बायकोनं एकदा नोकरी सोडायचं मनात आणलं तेव्हाही, आणि पुन्हा सोडायची नाही म्हणाली तेव्हाही. आपल्याजवळ दुसऱ्याला देण्यासारखं जे काही आहे त्यातलं सगळ्यात मोकळं वाक्य हेच, असं त्यांना आजवर वाटत आलं होतं.

"नेहमी हेच!" आत बायकोचा आवाज एकदम चढला. "बघ तुला काय वाटतं ते! मला काय वाटतं ते मला ठाऊक आहे हो. तुम्हाला काय वाटतं? मी गेले काय नि राहिले काय, तुमचं काहीच हलत नाही का? एकदा तरी म्हणा की, जाऊ नको. मी ऐकणार नाही. पण म्हणा ना!"

नंतर यंत्रानं आपला सूर बदलला आणि मास्तरांसारखं सांगितलं, "तुमचा स्वर आक्रमक झाला. समोरच्या व्यक्तीला वेळ द्या. दहापैकी चार."

"बस बोंबलत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या आणि खुर्ची सरकली.

चष्मेवाल्यांना तिथून उठायला वेळच मिळाला नाही. दार उघडलं तेव्हा ते पडलेलं वर्तमानपत्र उचलत होते.

"इथं काय करताय?"

"उजेड बरा आहे इथं."

त्या कोपऱ्यात उजेड कधीच नसायचा. तिनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. स्वयंपाकघरात जाऊन टेबलाशी बसली, समोरची खुर्ची पायानं पुढं सरकवली. चष्मेवाले येऊन बसले.

"अहो, मला तुमच्याशी जरा बोलायचंय."

तिनं सगळं सांगितलं. तीन खेपांच्या सरावानं बोलणं छान बसलं होतं, हात टेबलावर उघडे ठेवलेले, आवाज एका पट्टीत. चष्मेवाल्यांना पुढचं प्रत्येक वाक्य येत होतं. ती थांबली आणि त्यांची पाळी आली, तेव्हा इतक्या वर्षांच्या वळणानं त्यांच्या तोंडून निघालंच, "बघ..."

तिनं मान हलवायला सुरुवात केली. पुढचं ऐकायच्या आधीच.

"जाऊ नको," चष्मेवाले म्हणाले.

तिची मान हलायची थांबली.

"काय म्हणालात?"

"जाऊ नको म्हणालो." मग राहवेना म्हणून त्यांनी तेही सांगून टाकलं. "तू आत बोलत होतीस ते ऐकलं मी. दाराशी बसून. सगळं."

तिचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. "म्हणजे मी म्हणा म्हटलं म्हणून म्हणताय. तसं त्या यंत्राला लिहून दिलं असतं तर त्यानंही म्हटलं असतं. तेही न अडखळता."

ती म्हणत होती ते खरंच होतं, शब्द तिचेच होते. आपले म्हणून वेगळे शब्द कुठून आणायचे? आयुष्यभर इतकी पुस्तकं वाचली आणि वेळेला एक वाक्य हाताशी नाही. त्यांनी टेबलावरची बशी उगाच इकडची तिकडं केली.

"मागं तू त्या टकल्याला कवळीची गोष्ट सांगत होतीस," ते म्हणाले.

"कुठल्या टकल्याला?"

"तुमचा तो अकाउंटंट. कुण्या म्हाताऱ्याची कवळी हरवली, नि सगळा वॉर्ड शोधत होता. मी इथं भांडी पुसत होतो. मला ती शेवटापर्यंत ऐकूच आली नाही, तुम्ही सगळे हसायला लागलात. मग मी चहा घेऊन आत आलो, म्हटलं सांगशील. तू कप घेतलास नि दार लोटलंस." त्यांनी बशी पुन्हा लांब सारली. "तू पलीकडच्या खोलीत असतेस तरी माझं हे असं होतं. दोन वर्षं काय करू? म्हणून जाऊ नको. मला करमणार नाही."

बायकोनं ओट्यावरचं फडकं ओढून त्यालाच नाक पुसलं. एरवी त्या फडक्याला कुणी ओला हात लावला तरी ती घर डोक्यावर घ्यायची.

"मी जाणार आहे," ती शेवटी म्हणाली. "होच कळवणार आहे उद्या."

"माहीत आहे."

"तुम्ही म्हणालात म्हणून थांबणार नाही मी."

"थांबूही नकोस."

"मग कशाला म्हणताय?"

"आता ते मला काय विचारतेस?" चष्मेवाले चिडून म्हणाले. खरोखरच चिडून. ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

आत लॅपटॉप वाजायला लागला. गटाच्या बैठकीची वेळ झाली होती. रक्तपेढीचा माणूस आणि बाकीचे आपापल्या चौकटीत येऊन बसले असतील, मोठ्या सिस्टर कुठं राहिल्या म्हणून विचारत असतील. ती उठली नाही. वाजून वाजून तो थांबला आणि पुन्हा वाजू लागला.

"परत म्हणा," ती म्हणाली.

"जाऊ नको."

"नीट म्हणा. पुटपुटू नका."

त्यांनी नीट म्हटलं. मग तिनं सांगितलं नसतानाही त्यांनी आणखी एकदा म्हटलं.

"पुरे आता," ती म्हणाली, आणि तशीच बसून राहिली.