ज्या पैशांना सलाम नसतो

बस थांब्यावरच्या बाकाखाली ठेवलेली पिशवी फुटली तेव्हा टायरवाला एका ट्रकच्या चाकाशी झटत होता. त्याला आधी वाटलं, कुठंतरी टायर फुटला. जन्मभर टायर फुटताना ऐकलेल्या माणसाची अक्कल तेवढीच धावणार. मग समोरच्या काचा कोसळल्या, कुणाचा तरी चपलेसकट पाय त्याच्या दुकानाच्या पायरीशी येऊन पडला, आणि त्याला आठवलं की बायको आत्ताच पोरीला घेऊन थांब्यावर गेली आहे.

बायकोची ओळख तिच्या मनगटावरच्या घड्याळावरून पटली. चेहरा उरला नव्हता. पोरगी सापडली ती शेजारच्या शिंपीमास्तरांच्या मांडीवर. सगळा रस्ता थांब्यापासून लांब पळत होता तेव्हा मास्तर एकटे धुरात घुसले होते. पोरीच्या मांडीतून रक्ताची चिळकांडी उडत होती. मास्तरांनी गळ्यातला माप घ्यायचा टेप काढला, मांडीभोवती गुंडाळला आणि टोक दातात धरून असा आवळला की पोर शुद्धीवर आली आणि त्यांच्या हाताला कडकडून चावली. तेव्हापासून ते तिला मुंगी म्हणू लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, टेप नसता तर पोरगीही हाती लागली नसती. मास्तरांनी तोच टेप धुऊन पुन्हा गळ्यात घातला. डाग गेला नाही, पण चमडी जाईल पण दमडी जाणार नाही अशातला हा माणूस, नवा टेप कशाला घेतो.

एवढ्यावर टायरवाला आणि मास्तर यांचं चांगलं सूत जमायला हवं होतं. पण मध्ये सरकारची भरपाई आली. स्फोटात माणूस गेलेल्या घरांना पैसे जाहीर झाले आणि ते भागवायला दुकानदारांवर जादा कर बसला. मुंगीच्या हाडाशी बॉम्बमधला एक खिळा अजून अडकून होता. तो काढला नाही तर पाय कापावा लागणार होता. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात होतं आणि ते याच पैशांवर होणार होतं.

त्या दुपारी टायरवाला टॉमी घेऊन, म्हणजे रिममधून टायर उचकटायची लोखंडी पट्टी घेऊन, चाकावर वाकला होता. मुंगी कुबडी टेकवून स्टुलावर बसली होती. दोन दुकानांच्या मध्ये भिंत अशी नव्हतीच, कमरेएवढा कठडा होता, आणि त्यावर मास्तर कापड पसरून कापायचे.

"बॉम्ब मी ठेवला का?" मास्तर कापडाशी बोलल्यासारखं बोलले. "मग दंड मला का?"

"मास्तर, पोरीच्या पायाचे पैसे आहेत ते."

"पायाला मी कधी नाही म्हणालो? माझ्याकडे आला असतास तर गल्ला उपडा केला असता तुझ्यापुढे. मागितलंस तर देईन. न विचारता खिशात हात घातलेला मला चालत नाही. मग तो सरकारचा असो नाहीतर खिसेकापूचा."

"तुमच्याकडून घेतले असते तर जन्मभर रोज सकाळी तुम्हाला सलाम ठोकावा लागला असता. हे सगळ्यांचे आहेत, म्हणून कुणा एकाचे नाहीत. बायको गेली माझी. आता मानही वाकवू?"

"वाकवलीस तर काय मोडते का?"

खरं सांगायचं तर दोघंही बरोबर होते, आणि दोन बरोबर माणसांइतकं वाईट भांडण कुणाचंच होत नाही. मास्तरांनी गप्प बसायला हवं होतं. पण जिभेला हाड नसतं.

"माझी बहीण तापाने गेली," ते म्हणाले. "तिच्या पोरांना कुणी काय दिलं? तुझी बॉम्बने गेली म्हणून तिचा भाव जास्त?"

टॉमी खाली आली ती कापडावर टेकलेल्या मास्तरांच्या उजव्या हातावर. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. मास्तर ओरडायच्या आत ती दुसऱ्यांदा आली, त्याच जागी, आणि पांढऱ्या कापडावर लाल पसरलं. टायरवाल्याने टॉमी टाकली, त्यांच्या गळ्यातला टेप मुठीला गुंडाळला आणि त्यांना कठड्यावरून ओढून आपल्या दुकानात उजव्या खांद्यावर आपटलं. मग छातीवर गुडघा देऊन तो टेप पिळत राहिला. मास्तरांचा चेहरा काळानिळा पडला, जीभ बाहेर आली, मोडका हात फरशीवर आपटत राहिला. टायरवाल्याला बरं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. पिशवी ठेवणारा त्याच्या हाती कधी लागला नव्हता. हा गळा लागला होता.

"बाबा," मुंगी स्टुलावरून म्हणाली, "तो माझ्या पायाचा टेप आहे."

त्याने खाली पाहिलं. तो तपकिरी डाग त्याच्याच बोटांमध्ये ताणलेला होता. त्याने मूठ सोडली.

रस्त्यावरून कुणीतरी हवालदाराला बोलावून आणलं. तो आत आला तेव्हा मास्तर कुशीवर वळून ओकत होते आणि टायरवाला भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आपण आत गेलो तर ऑपरेशनच्या दिवशी पोरीजवळ कोण? तिला दुसरं कुणीच नव्हतं.

"कुणी मारलं?" हवालदाराने विचारलं.

मास्तरांनी मुंगीकडे पाहिलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "टायर फुटला. रिम उडून हातावर बसली."

"आणि गळ्यावर वळ कसला?"

"टेप मशीनमध्ये अडकला."

"दोन्ही एकदम?"

"ग्रह फिरले की सगळं एकदमच होतं, साहेब."

हवालदाराने फरशीवरची टॉमी पायाने जराशी सरकवली. तिच्यावर रक्त होतं. "तक्रार नाही तर?"

"नाही म्हटलं ना."

तो गेल्यावर टायरवाला मास्तरांपाशी गुडघ्यांवर बसला.

"तुझ्यासाठी नाही केलं," मास्तर म्हणाले. "पोरीसाठी केलं. आणि हे माझ्या खिशातलं आहे, ध्यानात ठेव. यात सरकार नाही."

खिळा निघाला. मुंगी थोडी लंगडते, पण दोन्ही पायांवर चालते. मास्तरांचा उजवा हात मात्र गेला तो गेलाच. बोटं वळत नाहीत, कात्री धरता येत नाही, हात छातीच्या वर उचलत नाही. त्यांच्या दुकानाचं शटर आता रोज सकाळी टायरवाला उघडतो. शटर वर गेलं की दोघं समोरासमोर येतात आणि टायरवाल्याचा हात आपसूक कपाळाशी जातो. मास्तर नुसती मान हलवतात. उलट सलाम करायला त्यांचा हात वर होत नाही.