एबोच्या वहीतलं पहिलं काम

आमच्या किनाऱ्यावर मंगळवारी कुणी होडी लोटत नाही. त्या दिवशी समुद्राला सुट्टी. त्यामुळे गावाची झाडून सगळी कामं मंगळवारावर ढकललेली असतात. माझा धाकटा भाऊ एबो तर जन्मलाच मंगळवारी, नावही त्या वाराचंच. त्याला दाढी कधी करणार विचारलं तरी उत्तर ठरलेलं, "मंगळवारी बघू."

या 'बघू'ला कंटाळून त्याची बायको एकुआ माहेरी निघून गेली. निमित्त झालं तिच्या मावशीच्या दफनाचं. शनिवारी दोन्ही गावं काळं-लाल नेसून हजर, आणि जावईबापू जाळं घेऊन समुद्रावर. वर संध्याकाळी म्हणतो, "मासे थांबत नाहीत. मावशी आता कुठं जाणार आहे?" मी त्याची सख्खी बहीण, पण त्या दिवशी एकुआचं गाठोडं बांधायला मीच हात लावला.

रुसून गेलेली बायको आमच्यात आपणहून परतत नाही. नवऱ्यानं घरचं वडीलधारं माणूस आणि दारूची एक बाटली घेऊन सासूच्या अंगणात जायचं आणि चारचौघांत चुकलं म्हणायचं. वडीलधारं माणूस म्हणजे मी. पहिल्याच मंगळवारी मी ठेवणीतलं कापड नेसून सात वाजता तयार होते.

एबो आला तो वही घेऊन. मच्छीमार संघात कुणी बाई शिकवून गेली होती, की सकाळी दिवसाची कामं लिहून काढा, सगळ्यात महत्त्वाचं वर, आणि तेच आधी करा. यानं लिहिलं होतं झकास. एक, एकुआला आणणे. दोन, जाळ्याचं भोक. तीन, इंजिनाचं तेल. चार, बकरीचं दावं.

"चल मग," मी म्हटलं.

"येतो ताई. एवढं बारीकसारीक उरकून घेतो, म्हणजे मोकळ्या मनानं जाता येईल."

बकरीचं दावं वळायला त्याला दुपार झाली. त्या दाव्याला जहाज बांधलं असतं तरी चाललं असतं. संध्याकाळी खालच्या तीन कामांपुढं खुणा झाल्या होत्या, वरचं तसंच. दुसऱ्या मंगळवारी त्यानं होडी रंगवली. तिसऱ्या मंगळवारी मी गेले तर हा चमचे घासत बसलेला. लग्नाला अठरा वर्षं झाली, घरात चमचे कुठं असतात हे त्याला तोवर माहीत नव्हतं.

चौथ्या मंगळवारी मी त्याच्या हातातली वही हिसकावली, कनवटीला खोचली आणि रस्त्याला लागले. "वही हवी असेल तर बाटली घेऊन मागं ये."

आला. अर्ध्या रस्त्यात मला गाठलं.

एकुआच्या आईनं पाणी दिलं, बाटली ठेवून घेतली आणि रीतीप्रमाणे विचारलं, "इथं सगळं ठीक आहे. तुमचं येणं कसं झालं?" जसं काही तिला ठाऊकच नव्हतं. मी तोंड उघडणार, एवढ्यात मासे धुरावर लावत असलेली एकुआ म्हणाली, "वन्सं, तुम्ही नका. त्याला बोलू दे."

एबो माझ्या कनवटीकडं बघायला लागला. शेवटी मीच वही काढून तिच्या हातात दिली. तिनं हात पुसून चारही पानं उलटली.

"चारी पानांवर पहिली मीच," ती म्हणाली. "बकरीच्याही वर. मोठा मान दिलास. खूण तेवढी माझ्याच पुढं नाही."

"भीती वाटायची," एबो जमिनीकडं बघत म्हणाला. "विचारलं आणि तू नाही म्हणालीस, तर ते काम खोडावं लागलं असतं. वहीत होतं तोवर तू यायची बाकी होतीस." मग म्हणाला, "मावशीच्या वेळी मी चुकलो. यायला हवं होतं."

महिनाभर मी टोमणे जमवून ठेवले होते. त्यातला एकही मला आठवेना. डोळे भरून आले, ते मी धुरावर ढकललं.

एकुआनं पाठ फिरवली आणि सरळ लावलेले मासे पुन्हा सरळ लावले. "आज जमायचं नाही. मासे धुरावर आहेत. मंगळवारी बघू."

मला हसू आवरेना. एबो हसला नाही. चपला काढून भिंतीला टेकून बसला. "मग मी मंगळवारपर्यंत इथंच आहे."

बुधवारी पहाटे त्याचे अकरा गडी होडीपाशी खोळंबले. मीच त्यांना त्याच्याविना पाठवलं. होडी परतली ती काठोकाठ भरून, अशी मासळी महिन्यात लागली नव्हती. मी धावत जाऊन त्याला सांगितलं. तो सासूची मिरची वाटत होता.

"हो का," म्हणाला, आणि वाटत राहिला.

एकुआ बघत होती. आत गेली आणि गाठोडं घेऊन आली. गाठीपाशी कापड पार चुरगळलं होतं.

"चार मंगळवार सकाळी बांधतेय, संध्याकाळी सोडतेय," ती म्हणाली. "उचल आता."